सुईणीचं पाणी

पोर निळं आलं.

नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे. सुईणीने बोट आत सरकवून एक सोडवला, दुसरा सुटेना म्हणून कापला. पोर हललं नाही. तिने ते पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या दिल्या, तोंडात बोट घालून चिकटा ओढून काढला. तरी हललं नाही. पलंगावर तिची स्वतःची मुलगी पडली होती. ओठ चावून चावून रक्त हनुवटीवर आलं होतं.

"रडत का नाही? आई, रडत का नाही ते?"

तेवढ्यात सुईणीचा उजवा हात घंगाळाकडे गेला.

तिने तो पाठवला नव्हता. चाळीस वर्षं निळं पोर दिसलं की हात तिकडेच जात होता. जुन्या पाद्र्यांनी तसं शिकवून ठेवलं होतं: पोर जातंय असं वाटलं आणि पाद्री जवळ नसला, तर सुईणीने तीनदा पाणी घालायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. पुढे पोर मेलं तरी देवाचं झालं. जगलं तर पाद्री नुसतं वहीत लिहायचा. मग तीन वर्षांपूर्वी गावात नवा धर्म आला, जुने पाद्री पळाले, चर्चमधल्या संतांची नाकं हातोड्याने उडाली, सुईणींना पाणी घालायची बंदी झाली. हे सगळं सुईणीला ठाऊक होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

तीन थेंब. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

पोर ठसकलं, लाल झालं आणि असं ओरडलं की दाराबाहेर उभा असलेला जावई आत आला तो थेट घंगाळावर आदळला. पाणी जमिनीभर झालं. सगळे हसले. सुईणही हसली आणि तिने हात घाईने पुसला, चोरी केल्यासारखा.

कारण मुलगी आणि जावई दुबुडे होते.

•

दुबुडे म्हणजे दोनदा बुडणारे. हे गावाने ठेवलेलं नाव. त्यांचं म्हणणं असं की नवा धर्मही अर्धाच नवा. ज्याला बोलता येत नाही, मागता येत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा झाला कसं म्हणायचं? माणसाने मोठं व्हावं, स्वतः मागावं, मग पाणी घ्यावं. म्हणून ते पाळण्यातलं पाणी मोजत नव्हते आणि मोठेपणी, कुणाच्या तरी कोठारात, हौदात उतरून नव्याने घेत होते.

चर्चच्या दारावर कागद होता. खालचा कोपरा फाटलेला, मधोमध कुणीतरी थुंकलेलं, तरी वाचता येत होता:

*…ज्याला एकदा पाणी झालं आहे आणि जो पुन्हा घेईल, त्याला पाण्याची हौस आहे असं समजून नदीत बुडेपर्यंत द्यावं. बाई असो वा पुरुष. जो आपलं मूल आठ दिवसांत बाप्तिस्म्याला आणणार नाही, त्याला वीस फटके आणि हद्दपारी. सुईणींनी प्रत्येक जन्म गावच्या सभेला कळवावा. स्वतः पाणी घालू नये…*

दोनदा पाणी घेतलं तर नदी, मूल आणलं नाही तर चाबूक. गावात लहान पोरांनाही हे पाठ होतं.

•

"आज आठवा दिवस."

"मोजता येतं मला, आई."

"तीन थेंब गं. तीन! रोज अंघोळीला अख्खी बादली ओततेस त्याच्यावर."

"ती अंघोळ आहे."

"मग हीही अंघोळच समज. थोडी छोटी."

जावई मागावर बसला होता. त्याचा धोटा थांबला. शांत माणूस, रागावला की आणखी शांत व्हायचा. "आई, तुम्ही सभेला कळवणार का आम्हाला? शपथ आहे ना तुमची."

"कळवायचं असतं तर इथं बसून लंगोट धुतले असते का मी?"

"तुमचा नेम नाही. धुऊन, वाळवून, घड्या घालून मग कळवाल."

तिघं हसली. सुईणीच्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत: *झालंय रे बाबांनो पोराला, मी घातलंय, उगाच जीव टांगणीला लावू नका.* मग तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी पोराला अशी बघत होती, जणू कोऱ्या कापडाकडे, ज्यावर अजून कुणी एक टाकासुद्धा घातला नाही. सुईणीने लंगोट पिळला.

•

कळवलं भिंतीपलीकडच्या बाईने, तेही रागाने नव्हे, रडणं ऐकून झोप येत नाही म्हणून, आणि दहाव्या दिवशी सकाळी, ऊन मागावर आलेलं असताना, पाच शिपाई दाराची कडी न वाजवता दारासकट आत आले, पहिल्याने पाळणा उलटा केला, तो रिकामा होता कारण पोर सुईणीच्या मांडीवर होतं, दुसऱ्याने मुलीला केसांना धरून पलंगावरून ओढलं, दहा दिवसांची बाळंतीण, तिच्या मागे जमिनीवर ओला पट्टा उमटत गेला, आणि जावई मागावरून उठला, दोन्ही हात वर करून उठला, कारण दुबुडे हत्यार धरत नाहीत, हात उचलत नाहीत, ते त्यांच्या धर्मात बसत नाही, पण हे त्या तिसऱ्या शिपायाला, ज्याची ही पहिलीच धाड होती आणि जो दारातून येतानाच थरथरत होता, त्याला काय माहीत, त्याला फक्त एक उंच माणूस हात वर करून अंगावर येताना दिसला, त्याने भाला पुढे केला, भाला मागावरच्या ताण्यातून, तीनशे ताणलेल्या धाग्यांतून गेला, धागे तटातट तुटले आणि भाल्याचं टोक जावयाच्या पोटात शिरून पाठीमागच्या लाकडात रुतलं, आणि जावई खाली पडला नाही, पडता येईना, तो तसाच उभा राहिला, हात हळूहळू खाली आले, आणि त्याने शिपायाला विचारलं, "काढतोस का?"

शिपायाने काढला. त्यानेच जावई मेला.

"पोर म्हातारीकडे राहू दे," शिपायांचा नाईक म्हणाला. "हिला उचला."

•

दफ्तरात आहे ते:

*प्रश्न: कितीदा पाणी घेतलंस?*
*उत्तर: एकदा.*
*प्रश्न: केव्हा?*
*उत्तर: गेल्या वर्षी. रंगाऱ्याच्या हौदात.*
*प्रश्न: आणि जन्मल्यावर?*
*उत्तर: मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही. वहीत बघा.*

दफ्तरात नाही ते: प्रत्येक प्रश्नाआधी अंगठ्यांवरचा लोखंडी पेच अर्धा फेरा आवळला जात होता. तिसऱ्या प्रश्नाला डाव्या अंगठ्याचं नख निघून टेबलावर पडलं. कारकुनाने ते कागदाच्या कोपऱ्याने बाजूला सारलं आणि लिहीत राहिला. "वहीत बघा" हे ती सहा वेळा किंचाळली होती. एकदाच लिहिलं आहे.

दफ्तरात आहे ते:

*जन्मांची जुनी वही पाहिली. आरोपी जन्मली त्या हिवाळ्यात पाद्री साथीने मेला होता. पाच महिन्यांची पानं कोरी. आरोपीला लहानपणी बाप्तिस्मा झाल्याची नोंद नाही. म्हणजे रंगाऱ्याच्या हौदातलं पाणी हे तिचं पहिलंच. दुसऱ्यांदा घेतल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. मूल न आणल्याबद्दल वीस फटके आणि हद्दपारी. सभेची सही गुरुवारी.*

दफ्तरात नाही ते: शेवटची ओळ लिहिताना कारकुनाचा हात इतका हलका झाला की अक्षर सुंदर आलं.

•

बुधवारी दुपारी कारकून सुईणीकडे आला. टक्कल पडलेला, वाकलेला, सारखा नाक पुसणारा माणूस. दारातच उभा राहिला.

"मावशी, उद्या सभेला येऊ नका."

"का?"

"सांगता येत नाही. दफ्तराची शपथ आहे."

"माझ्या पोरीला उद्या नदीत घालणार आणि मी इथं दार लावून बसू?"

"बसा. दार लावून बसा. कडी घाला. मी तुमच्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं का?"

"जन्मलास तेव्हा श्वास मागितला होतास. दिला."

कारकुनाने नाक पुसलं. "तोंड मिटून राहा, मावशी. एवढंच. एक दिवस."

तो गेल्यावर सुईणीने भांडी आपटली. विकला गेला मेला. ज्याला पायाला धरून उलटं केलं, थापट्या मारून जगवलं, तोच येऊन सांगतो गप्प बस.

तिचा हिशोब सरळ होता. मुलीने दोनदा पाणी घेतलं हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ते काही पुसता येणार नाही. एकदा जन्मताना, एकदा हौदात. आता वाचवलं तर पोराच्या पाण्याने. पोराला बाप्तिस्मा झालाय, हे घर अगदीच बुडालेलं नाही, असं सभेला दाखवलं तर मनं वळतील. जन्मतानाचं पाणी कुणाला माहीतच नसेल हे तिच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? तिच्या हातून जन्मलेलं माणूस कोरडं असू शकतं, हा विचारच तिने कधी केला नव्हता.

•

सभेची खोली. लांब टेबल, सात माणसं, ओल्या लोकरीचा वास. भिंतीतले संतांचे कोनाडे रिकामे. एकात कुणीतरी टोपी ठेवलेली. सभेचा मुख्य धान्याचा व्यापारी, जाड मानेचा. त्याच्या उजव्या हाताला नवा उपदेशक, तिशीचा, स्वच्छ कॉलरचा. कोपऱ्यात कारकून. दारातून सुईणीला येताना पाहून त्याने डोळे मिटले.

"तुम्हाला बोलावलं नव्हतं, बाई," मुख्य म्हणाला.

"मला आधी कोण बोलावतं? कळा सुरू झाल्या की बोलावतात."

दोघंतिघं हसले. पोर तिच्या छातीशी फडक्यात बांधलेलं होतं. तिने त्याच्या डोक्यावरचं कापड मागे सारलं.

"हे पोर कोरडं नाही. मी पाणी घातलंय त्याला. निळं होतं. पहिल्याच दिवशी."

उपदेशक पुढे झुकला. तो ओरडत नसे. त्याला वाटे देवालाही हळू बोललेलं आवडतं. "बायकांच्या हातच्या पाण्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. ती जुनी भोळी समजूत. तुम्ही पोराचं तोंड धुतलंत."

"तोंड धुतलं?"

"धुतलं."

"मग तुझंही तोंडच धुतलंय, बाळ."

दाराशी उभा असलेला नाईक गरजला, "ए! उपदेशकसाहेबांना अहो म्हण!"

"अहो बाळ," सुईण म्हणाली. "तुम्ही पायाळू आलात. शाईसारखे निळे. पाद्री तीन कोसांवर होता, लग्न लावत. पाणी कुणी घातलं? मी. पाद्र्याने येऊन वहीत नुसती रेघ ओढली, कारण एकदा झालेलं पुन्हा करायचं नसतं. घरी जाऊन आईला विचारा. आणि तुम्ही, खाटीकदादा, तुम्ही जुळे. तुमचा भाऊ गेला, त्यालाही घातलं, तुम्हालाही. दाढीवाले, तुम्ही. तो कारकून. आणि मालक, तुम्ही नव्हे, तुम्ही जन्मतानाच तांबडे आणि जाडे होतात."

आता हसलं कुणी नाही.

"चौघं झाले. माझं पाणी खोटं असेल तर तुम्ही चौघं कोरडे. कोरडा माणूस रोज सकाळी उपदेश करतोय. मग चला नदीवर. आज घ्या पाणी, या वयात, गावासमोर, कपडे भिजवून. दुबुडे बघायला येतील. म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो!"

उपदेशकाची कॉलर पांढरी होती. तिच्यावरचा चेहरा तिच्याहून पांढरा झाला. खाटीक पुटपुटला, "आई असं काहीतरी म्हणाली होती खरं." दाढीवाला म्हणाला, "नदीवर मी नाही जाणार." मुख्याने टेबलावर बोटं वाजवली. त्याला धर्मापेक्षा गोंधळाची भीती जास्त होती.

"अडीअडचणीत घातलेलं धरता येईल का?" त्याने विचारलं.

मग उपदेशक हळू म्हणाला, "येईल. जीव जात असेल तर… येईल."

"मत घ्या. सुईणीने अडीअडचणीत घातलेलं पाणी खरं. पूर्वीचं आणि आत्ताचं."

सात हात वर झाले.

इथं तिने थांबायचं होतं. कारकुनाने दौत सांडली. मुद्दाम सांडली, शाई टेबलावरून नाइकाच्या बुटावर गेली, शिवीगाळ झाली. कारकून मोठ्याने म्हणाला, "झालं, सभा संपली, मावशी, घरी जा!" पण सुईण आयुष्यात पहिल्यांदा सात पुरुषांसमोर जिंकली होती आणि तिला ते अंगभर जाणवत होतं, उन्हासारखं.

"खोटं पाणी घालेन होय मी? याच हाताने पोटच्या पोरीला घातलंय! घरात एकटी होते. हिवाळा. साथ. कात्री सापडेना, नाळ दातांनी तोडली. निळी होती तीही. आधी पाणी घातलं, मग ती रडली. स्वतःच्या लेकीला कुणी खोटं देतं का?"

"कोणत्या लेकीला?" उपदेशकाने विचारलं.

"एकच आहे मला."

खोलीत फक्त पोराचं चुरुचुरु चोखणं ऐकू येत होतं. त्याला फडक्याचं टोक सापडलं होतं. उपदेशकाने डोळ्यांवर हात ठेवला. त्याला हे नको होतं. तेवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. मग तो म्हणाला, "कारकून, लिहा."

कारकून लिहीना. मुख्याने त्याच्याकडून कागद ओढला आणि वर लिहिलेलं वाचलं, बोट ठेवून, व्यापारी माल तपासतो तसं: नोंद नाही. पहिलंच पाणी. गुन्हा सिद्ध होत नाही. वीस फटके.

सुईण ऐकत होती. वीस फटके. वीस फटके आणि बाहेर. म्हणजे जिवंत.

तिने कारकुनाकडे पाहिलं. तो रडत होता.

"खोटं!" ती ओरडली. "खोटं बोलले मी. तोंड धुतलं तिचं. सगळ्यांचीच तोंडं धुतली! साधं पाणी होतं, आडाचं. शब्दसुद्धा म्हटले नाहीत. हिचं, तुझं, याचं, सगळे कोरडे आहात मेल्यांनो, सगळे कोरडे!"

"मत झालंय," मुख्य म्हणाला.

ती टेबलावर चढली. साठीची बाई, छातीला पोर. कागद हिसकला, चुरगळला आणि तोंडात कोंबला. नाइकाने तिला पायाला धरून खाली ओढलं, गुडघा मानेवर ठेवला, दांडक्याचं टोक तिच्या दातांत घालून फिरवलं. पुढचे दोन तुटले. दाढ निखळली. कागद ओला, लाल, पण वाचण्यासारखा बाहेर आला. पोर किंचाळत होतं. ती एका हाताने त्याचं डोकं झाकत होती, दुसऱ्याने नाइकाचा कान पिरगाळत होती.

कारकुनाला नवीन कागद दिला. सुंदर अक्षरात लिही म्हणाले.

•

कोठडी. खिडकी हातभर.

"आई, तोंडाला काय झालं?"

"कागद खाल्ला."

"कसा लागला?"

"शाईसारखा."

मुलीचे दोन्ही अंगठे चिंध्यांत गुंडाळलेले, चेंडूएवढे. तिला पोर धरता येईना, म्हणून सुईणीने ते तिच्या छातीशी धरून ठेवलं. पोर प्यायला लागलं.

"बाहेर पहारेकरी बोलत होते. उपदेशकाला हरवलंस म्हणे."

"हो."

"जन्मात एकदा जिंकलीस, तेही आजच." मुलगी हसली, हसणं मधेच मोडलं. "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तू श्वास घेतेस हे सांगते का कधी? घेतेस म्हणून घेतेस."

"आणि याला?"

सुईणीने पोराच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"आई. याला?"

"यालाही."

मुलीने तिला मारलं. गुंडाळलेल्या हाताने, दात तुटलेल्या जबड्यावर, दोनदा. दुसऱ्या फटक्याला स्वतःच कळवळून ओरडली. पोराने तोंड सोडलं नाही. मग मुलीने कपाळ आईच्या खांद्यावर टेकवलं आणि दोघी तशाच बसल्या. पोराच्या गिळण्याचा आवाज येत होता.

"पुसून टाक त्याच्यावरनं," मुलगी म्हणाली.

"कसं पुसू, बाळा? कधीच वाळलं ते."

•

नदी. दुपार. ऊन चांगलं पडलेलं.

बाईला बुडवायची पद्धत अशी: गुडघे छातीशी घ्यायचे, मनगटं बांधून गुडघ्यांखाली सरकवायची, कोपर आणि गुडघे यांच्यामधून काठी घालायची. माणसाचं गाठोडं होतं. हे काम मासेमारांच्या फळीवर करतात कारण तिथं पाणी खोल आहे आणि दोर ओढायला खुंटा आहे. लोक काठावर उभे होते. एकजण म्हणाला, "तिसऱ्यांदा घेतेय बघ." त्यावर हसू आलं, पण थोडंच. बायका हसल्या नाहीत. निम्म्या बायकांच्या मांड्यांशी ही सुईण बसलेली होती.

उपदेशकाने वाचलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून वाऱ्यात कुणाला ऐकू गेला नाही.

मुलीने आईला शोधलं. सापडली. मुलीला बोलता येईना. तोंडात कापड होतं. दुबुडे मरताना गातात, गर्दी बिथरते, म्हणून.

गाठोडं फळीवरून गेलं. बुडबुडे आले, मोठे, मग बारीक. दोर दोनदा हिसकला. जल्लादाने घाई केली नाही. त्याने काठावर बसून पाव खाल्ला, पूर्ण, मग हात झटकून दोर ओढायला घेतला.

•

*सभेचा हुकूम: मुलाला बाप्तिस्मा झालेला असल्याने ते आजीकडे राहावं. सुईणीला तिच्या कामावर ठेवण्यात येत आहे. अडीअडचणीत पाणी घालण्याचा तिचा अधिकार सभा मान्य करते.*

हुकूम घेऊन कारकून आला नाही. तो आजारी होता म्हणे. नाईक आला, कानाला पट्टी बांधून. जाता जाता म्हणाला, "उपदेशकाच्या बायकोला आठवा लागलाय. तुम्हालाच बोलावणार म्हणाली."

•

पोर तीन आठवड्यांचं झालं त्या दिवशी सुईणीने ते पाठीला बांधलं, कात्री आणि दोन लंगोट घेतले आणि वेशीवर गेली. वेशीवर दोन शिपाई. तान्हं घेऊन बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न होता आणि तो दोघांपैकी तरुण शिपायाने विचारला, दुसरीकडे बघत. जावयाला भाला लागला तो याच्याच हातून.

"पोराला पाणी झालंय?"

"नाही."

त्याने मान वळवली. "मावशी, काय थट्टा करता? सभेने ठरवलंय. अख्ख्या गावाला माहीत आहे. कागद दाखवा आणि जा ना."

"गावाचं ठरलं. पोराचं ठरायचंय. त्याला विचार."

"तीन आठवड्यांचं आहे ते!"

"मग थांब."

तो खरंच थोडा वेळ थांबला. मागे गाडीवाले खोळंबले, एकाने शिवी दिली. दुसरा शिपाई, म्हातारा, जवळ येऊन कुजबुजला, "हो म्हणा ना, बाई. एक हो. कोण ऐकतंय?" तिने मान हलवली. ऐकणारे होते, नाईक चौकीतून बाहेर आला होता, पट्टी बांधलेल्या कानावर हात ठेवून. त्याला चर्चच्या दारावरचा कागद पाठ होता. मूल न आणल्याबद्दल वीस फटके आणि हद्दपारी.

"तिला जायचंच आहे," म्हातारा म्हणाला.

"नाही म्हणाली ना? मग वीस खाऊन जाईल."

खांब वेशीलाच होता. तिने पोर सोडून तरुण शिपायाच्या हातात दिलं. दुसरं कुणी जवळ नव्हतं. त्याने ते लांब धरलं, गरम भांडं धरावं तसं. पाठीवरचं कापड नाइकाने स्वतः फाडलं. पहिले पाच तिने तोंड मिटून घेतले. दात नव्हते तिथून लाळ गळली. सहाव्याला कातडी फुटली. आठव्याला गुडघे गेले, पण मनगटं वर बांधलेली होती, ती लोंबली. नाईक घामेजला. मोजणारा म्हातारा हळू मोजत होता, एखादा आकडा वगळता आला तर वगळत.

अकराव्याला तिने डोळे उघडले आणि वळून पाहिलं. तरुण शिपाई रडत होता आणि त्याच्या हातावर पोराचं डोकं मागे कलंडलं होतं.

"मान!" ती ओरडली. रक्त उडालं. "मान धर त्याची, मेल्या! हाताचा पंजा खाली घाल. अशी लोंबू देतात का?"

शिपायाने पंजा खाली घातला. मान धरली.

"हं," ती म्हणाली. बारावा पडला.